सपाटसरांचा उंचवटा

सर स्वभावानेच धास्तावलेले. दाराची कडी लावली की ओढून बघायची आणि अर्ध्या जिन्यावरून परत येऊन पुन्हा ओढायची. बायको म्हणायची, यांच्या मनात सतत कुणीतरी आजारी असतं.

अशा माणसाला कामही स्वभावाला साजेसं मिळालं. स्फटिकावर क्ष-किरण सोडायचे, ते विखुरून जे ठिपके पडतात ते मोजायचे आणि त्यावरून आत इलेक्ट्रॉन कुठे दाट, कुठे विरळ याचा नकाशा काढायचा. ठिपके कधीच पुरेसे नसतात, त्यामुळे एकाच मोजमापात बसणारे शेकडो नकाशे निघतात. त्यातला सर्वांत सपाट उचलायचा. मोजमापाने भाग पाडल्याशिवाय कुठे टेंगूळ येऊ द्यायचं नाही. याला म्हणतात महत्तम एन्ट्रॉपीची पद्धत. सरांनी ती उभी हयात शिकवली, म्हणून मुलांनी त्यांना सपाटसर नाव ठेवलं. ते त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

निवृत्तीच्या तोंडावर शेवटच्या विद्यार्थिनीचा प्रबंध सहीला आला. सगळी भिस्त एका उंचवट्यावर. दोन ऑक्सिजनांमधला हायड्रोजन एकाला चिकटून बसतो असं सगळे मानत आले होते, हिच्या नकाशात तो मधोमध होता. हायड्रोजनकडे इलेक्ट्रॉन एकुलता एक, त्यामुळे उंचवटाही जेमतेम.

सरांनी ते पान दोनदा वाचलं. हे खोटं निघालं तर पोरीची सगळी वर्षं पाण्यात, आणि ती आपल्या सहीने.

प्रत्येक मोजमाप किती चुकलेलं असू शकतं, तो आकडाही नकाशा काढताना द्यावा लागतो. तिने एकेक ठिपका पुन्हा पुन्हा मोजून तो काढला होता. सरांनी दर विद्यार्थ्याच्या वेळी करायचे तसा खबरदारी म्हणून तो दुप्पट केला. मोजमापाचा जोर ओसरला आणि उंचवटा बसका झाला. आणखी वाढवला तेव्हा नकाशा सपाट झाला आणि सरांच्या जिवात जीव आला. त्यांनी तिला बोलावलं आणि प्रबंधातलं ते प्रकरण काढून टाकायला सांगितलं.

तिने संगणकाच्या पडद्यावर सरांनी घातलेले आकडे तपासले. मग विचारलं, हे वाढीव आकडे आले कुठून.

"असावेत आपले जास्तीचे," सर म्हणाले. "उद्या कुणी बोट ठेवायला नको."

"सर, राग मानू नका. मोजलं नाही ते नकाशात घालायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. मग ही भीती कुठे मोजलीत?"

सरांनी तिची मोजमापं पुन्हा चाळली. स्फटिक चांगला होता, यंत्र ठीक होतं, मोजमापं एकमेकांशी जुळत होती. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. सरांचं तर दुधानेही कधी पोळलं नव्हतं. त्यांना फार लाज वाटली.

त्यांनी तिचेच आकडे परत घातले. उंचवटा आला, मधोमध, जेमतेम. मग त्यांनी सही केली. भीती तसूभरही कमी झाली नव्हती.

ती कागद उचलून निघाली, तेव्हा त्यांनी हाक मारून तिला थांबवलं.

"तुझ्या आधीच्या मुलांची मूळ मोजमापं," त्यांनी विचारलं, "कुठे ठेवलेली असतील गं अजून?"