जोह्याच्या वाटेवर चार पावलं

माझी थोरली बहीण लतिका हिला पत्ता विचारायची सोय नाही. हायवेवरून उतरलेला माणूस पेणच्या रामवाडीत शिरतो, तिच्या फाटकाशी थांबतो आणि विचारतो, गणपतीचे कारखाने कुठल्या बाजूला? दुसरं कोणी असतं तर हात करून मोकळं झालं असतं. ताई आधी त्याला पाणी देते, मग पायात चपला अडकवते आणि त्याच्याबरोबर स्टॉपपर्यंत चालत जाते. वाट विचारणाऱ्याला नुसती वाट सांगू नये, चार पावलं त्याच्याबरोबर चालावं, असं आमचे वडील म्हणायचे. ते त्यांनी आम्हा दोघींनाही सांगितलं होतं. मी ऐकून सोडून दिलं, ताईने गाठीला बांधलं. एकदा एका नवख्या जोडप्याला सोडायला म्हणून ही एसटीत बसून थेट जोह्यापर्यंत, त्या कारखान्यांच्या गावी, गेली आणि कारखान्यातून भेट मिळालेला, अर्धवट रंगवलेला एक उंदीर घेऊन परत आली. तो अजून तिच्या टीव्हीवर बसलेला आहे.

चौतीस वर्षं तिने पेणच्या शाळेत भूगोल आणि हिंदी शिकवलं. निवृत्तीनंतर भिंतीवरचा नकाशा सुटला, खोड सुटली नाही. तिची नात मैथिली मुंबईत एका संस्थेत काम करते. परमुलखातून पोटासाठी आलेल्या माणसांना मदत करणारी संस्था. ऑफिस म्हणाल तर दोन खोल्या, बाकी सगळा कारभार इंटरनेटवर. कामगाराने एका नंबरवर आपल्या बोलीत बोलून मेसेज पाठवायचा. कुठेतरी बसलेलं, ती बोली जाणणारं माणूस तो ऐकतं आणि हिंदीत लिहून काढतं. मग जवळपास राहणाऱ्या कार्यकर्त्याच्या फोनवर सूचना येते. रेशन इथल्या दुकानात कसं मिळेल, मुलाला अंगणवाडीत कोण घेईल, दवाखान्यात कागद कुठला न्यायचा, असले प्रश्न. मैथिलीने आजीला यात ओढलं, आणि आजी स्वतःहून ओढली गेली.

पहिल्या दिवशी तिने मला फोन केला. "म्हणजे बघ, बाई जोह्यात बसून बोलणार. तिचं बोलणं रांचीला जाणार. तिकडची कॉलेजातली मुलगी लिहिणार, मुंबईत मैथिली वाचणार, आणि मग पेणला मला कळणार."

"व्हय," मी म्हटलं.

"अगं, जोहं इथून हाकेवर हाय. मी सरळ जाऊनच विचारते की!"

तिला ते शेवटपर्यंत पटलं नाही. फोनवर नवऱ्याच्या तक्रारी सांगणारी बाई समोर गेलं की घुम्यासारखी बसते, आणि समोर तोंड न उघडणारा माणूस फोनवर दहा मिनिटं रडतो. यातलं खरं कुठलं, या गोंधळात ती वर्षभर होती. संस्थेने एकदा कार्यकर्त्यांचा ऑनलाइन वर्ग घेतला. दुसऱ्या देशांतून जीव वाचवून आलेल्या लोकांसोबत दिल्लीत काम करणारी एक बाई त्यात बोलली. घर सोडून पळालेल्या माणसाचा ठावठिकाणा त्याला विचारल्याशिवाय कुणालाही द्यायचा नाही, अगदी आईबापांनाही नाही, असं तिने बजावून सांगितलं. ताईने ते वहीत लिहून घेतलं आणि खाली लाल रेघ मारली. वहीत लिहिलं की कळलं, असा शिक्षकांचा समज असतो.

शांती तिच्या हाती आली ती दोन वर्षांपूर्वी. झारखंडची मुलगी, जोह्यात एका कारखान्यात मूर्तींच्या अंगठ्या नि बाजूबंद सोनेरी रंगाने भरायची. तिने संस्थेच्या नंबरवर मेसेज केला की तिला, नवऱ्याला आणि मुलीला अशा ठिकाणी खोली हवी, जिथे तिच्या गावचं कोणी कामाला नाही. कारण तिने सांगितलं नाही आणि संस्थेने विचारलं नाही. ताईने लगेच मला फोन केला. "तुझ्या वरसेला बांधकामं चाललीत ना? नवऱ्याला काम मिळेल. खोली बघ गो."

मी रोह्याच्या शेजारी वरसेला राहते. माझे गुडघे, ह्यांची शुगर, घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं. पण ताईला नाही म्हणणं मला साठ वर्षांत जमलेलं नाही. माझ्या घरामागे गिरजाबाईंची चाळ आहे, त्यात एक खोली मिळाली. शांतीची मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. छुटकी म्हणतात तिला. आता ती चार वर्षांची झालीय आणि गिरजाबाईंशी "मना नको" असं त्यांच्याच भाषेत भांडते.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळी दहाच्या सुमारास ताईचा फोन आला. आवाजात सणासारखा उत्साह.

"ऐक, शांतीचा भाऊ आलाय! माझ्याकडे बसलाय, पोहे खातोय. बारा वाजेपर्यंत त्याला घेऊन वरसेला येते. तिला सांगू नको हां, गंमत करू."

"तुझ्याकडे कसा आला?"

तेव्हा सगळं बाहेर आलं. शांती जोह्यात असताना तिथे बायकांचं आरोग्य तपासणीचं शिबिर झालं होतं. ताईने त्याचा फोटो कारखान्यांच्या ग्रुपवर टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, काही अडचण असल्यास फोन करावा, आणि स्वतःचा नंबर. फोटोत मागच्या रांगेत शांती होती. तो फोटो या फोनवरून त्या फोनवर करत दोन वर्षांनी तिच्या गावी पोचला. भावाने नंबर फिरवला. आई अंथरुणाला खिळलीय, बहिणीला एकदा भेटायचंय, असं रडत म्हणाला. आणि माझी बहीण त्याला काय म्हणाली? "पत्ता नका विचारू, सापडायचा नाही तुम्हाला. पेणला उतरा, मी स्वतः घेऊन जाते."

मी गंमत वगैरे काही केली नाही. पदर खोचला आणि मागे चाळीत गेले. शांती मुलीचे केस विंचरत होती. मी सांगितलं. तिच्या हातातला कंगवा तिथेच थांबला.

"वो अकेला है?" तिने विचारलं.

"एकटाच असेल. रडतोय म्हणे."

"पिछली बार भी रोते हुए आया था," शांती म्हणाली. मग खाली बघत तिने सांगितलं. तिने आपल्या मनाने लग्न केलं होतं. भाऊ रडत आला, आईचं नाव घेतलं, घरी घेऊन गेला, आणि मग सहा महिने तिला खोलीबाहेर पडू दिलं नाही. छुटकी तेव्हा पोटात होती. मूल झाल्यावर आईने एका पहाटे दाराची कडी काढली आणि दोघींना गाडीत बसवून दिलं.

"म्हणजे आई तुझ्या बाजूची?"

"पता नहीं," ती म्हणाली. "कडी लगाती भी वही थी."

हे ऐकून माझंही डोकं चालेना. गिरजाबाई दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "ती नाय म्हनते ना? मंग नाय. त्यात इचार कसला?" शिकलेल्यांचा जसा घोळ होतो तसा त्यांचा होत नाही.

मी ताईला फोन लावला. तिने तो आतल्या खोलीत जाऊन घेतला असावा, कारण कुजबुजत होती. मी सगळं सांगितलं. 

"अगं, पण त्याने आईचा व्हिडिओ दाखवला मला," ती म्हणाली. "खाटेवर हाय बिचारी. हात जोडतेय. लहानपणचे फोटो हायत दोघांचे. त्याचं आधार कार्ड बघितलं मी, गाव तेच, बापाचं नाव तेच. आणि असा रडतो गो, आपल्या विठूमामासारखा, आवाज न करता."

"आणि शांती नाही म्हणतेय."

"पण का? आई गेली तर? उद्या ती मलाच म्हणेल, तुम्ही का नाही नेलंत?"

तिने मैथिलीलाही फोन केला. मैथिली म्हणाली, "आजी, ती नाही म्हणाली ना? मग आपल्यापुरतं संपलं. त्याला सांग, निरोप असेल तर आमच्या नंबरवर पाठव, आम्ही पोचवू. आणि तो फोटो आधी काढून टाक." ताई त्या पोरीवर भडकली. तुम्हाला सगळं बटणासारखं वाटतं, एक दाबलं की मिटलं, असं काहीतरी बोलली. मग मला पुन्हा फोन करून तिने तेच सगळं ऐकवलं. मीही भडकले. "त्याच्याकडे फोटो, व्हिडिओ, कार्ड, सगळे पुरावे हायत," मी म्हटलं, "आणि हिच्याकडे फक्त एक नाही हाय. तुला कुणाचं ऐकायचंय ते ठरव. आणि आणायचंच असेल त्याला, तर माझ्या दारावरून आण, मी उभी राहते."

मी फोन ठेवला. शांतीने एका पिशवीत मुलीचे कपडे भरायला घेतले होते. नवऱ्याला साइटवरून बोलावून घेतलं. बारा वाजले, एक वाजला. रोह्याकडची प्रत्येक रिक्षा थांबली की आम्ही चौघं दाराकडे बघायचो. ताईचा फोन लागेना. सरळ सांगते, मला त्या दुपारी माझ्या बहिणीचा भरवसा वाटला नाही. वडिलांच्या शब्दापुढे ती कुणाचं ऐकायची नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं.

ती आली नाही. त्या दुपारी तिने काय केलं, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

तिने त्या माणसाला दुसरा चहा दिला, चपला घातल्या, आणि त्याला घेऊन एसटी स्टँडवर गेली. रोह्याची गाडी लागलेली होती. ती त्या गाडीवरून पुढे चालत गेली, फोटो जोह्याचा आहे तर तिथेच असेल असं त्याला म्हणाली, आणि त्याला घेऊन जोह्याच्या गाडीत बसली.

जोह्यात ती त्याच्याबरोबर एकेका कारखान्यात शिरली. मातीचा हंगाम नुकता सुरू झाला होता, पांढऱ्या मूर्ती रांगेने वाळत होत्या. प्रत्येक दारात ती विचारायची, शांती म्हणून कोणी होती का हो इथे? आणि तो शेजारी उभा राहून फोटो दाखवायचा. शांती ज्या कारखान्यात खरंच होती तिथेही गेली. तिथल्या मालकाने सांगितलं, दोन वर्षं झाली, कुठे गेली ठाऊक नाही. मालकाला खरंच ठाऊक नव्हतं. ताईला ठाऊक होतं, आणि ती त्याच्याबरोबर मान हलवत उभी राहिली. चार वाजेपर्यंत उन्हात फिरली. त्याला वडापाव घेऊन दिला. त्याने अर्धा खाल्ला, अर्धा कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला. तिला वाटलं, प्रवासासाठी असेल. पेण स्टेशनवर तिने त्याला गाडीत बसवून दिलं. तो तिच्या पाया पडला. म्हणाला, तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत, सख्खी मावशीसुद्धा करणार नाही. आणि एक पुडकं तिच्या हातात दिलं. कधी भेटली तर द्या.

ते पुडकं घेऊन ती दुसऱ्या दिवशी सकाळी वरसेला आली. रात्रभर झोपली नव्हती, डोळे सुजले होते. आल्या आल्या मला म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा मी माणसाला चुकीच्या वाटेला नेलं गो. आणि चार पावलं नाय, अख्खा दिवस नेलं. त्याची आई खरंच आजारी असेल तर?"

मी तिला चहा दिला आणि मागे चाळीत शांतीकडे घेऊन गेले. 

शांतीने पुडकं उघडलं. आत पिवळा फ्रॉक होता, हातशिलाईचा. तिने तो छुटकीला घालून पाहिला, तर तो खांद्यातच अडकला. छुटकीच्या आजीच्या डोळ्यांपुढे नात अजून लहानच होती. शांतीने फ्रॉक काढला, उलटा केला. शिवणीच्या आत दोन-दोन बोटं कापड दुमडून ठेवलेलं होतं, मूल वाढलं तर सोडायला. "माँ ऐसे ही सिलती है," ती म्हणाली.

मग ताईने फोन पुढे केला. संस्थेच्या नंबरवरून निरोप गेला तर बोलणाऱ्याचा नंबरही दिसत नाही आणि ठिकाणही, हे तिने दोनदा समजावून सांगितलं. दिल्लीच्या बाईचं वाक्य वहीतून निघून आता कुठे तिच्यात उतरलं होतं. शांती आपल्या बोलीत चारच वाक्यं बोलली. आम्हाला एक अक्षर कळलं नाही, फक्त माँ एवढं कळलं. निरोप मुंबईला गेला आणि तिथून तिच्या घरच्या नंबरवर. घरी फोन एकच, तो भावाकडे, आणि भाऊ अजून गाडीत. अर्ध्या तासाने मैथिलीने कळवलं की तो ऐकला गेलाय. तो आईपर्यंत पोचेल की नाही, हे कळायला मार्ग नव्हता.

शांती ब्लेडने फ्रॉकची शिवण उसवत बसली. ताईला राहवेना. "शांती, मैंने तेरे भाई को झूठमूठ घुमाया," ती म्हणाली. "धूप में. पूरा दिन."

शांतीने वर पाहिलं नाही. "उसने कुछ खाया था, दीदी?"

"पोहे खाल्ले. चाय पी दो बार. जोह्यात वडापाव दिला, पण आधा ही खाया. आधा बॅगेत ठेवला."

ब्लेड थांबलं.

"आधा मेरे लिए रखता था," शांती म्हणाली. "बचपन से."

 मग ती पुन्हा शिवण उसवू लागली. भावाचा नंबर तिने मागितला नाही, आणि ताईनेही दिला नाही.

निघताना ताई माझ्या दारात उभी राहिली. या घरी ती शंभर वेळा आली असेल. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"स्टॉप कुठल्या बाजूला गो?" तिने विचारलं.

मी चपला घातल्या आणि तिच्याबरोबर चालत गेले.