लाइनीले दम खाऊ दे

आत्या उमरेडहून एसटीने आली, पिशवी खाली ठेवली आणि पाणी प्यायच्या आधीच बाबांना म्हणाली, "दादा, पोरीले इंजिनिअर केलं, अन् ते ड्रायव्हरकी करून राहिली म्हणते. का चालवते, ट्रक?"

"डब्बा चालवते," बाबा म्हणाले. "बस वं आधी."

चूक आत्याची नव्हती. मी ड्रायव्हर लिहिते, असं मीच तिला फोनवर सांगितलं होतं. टीव्हीखालच्या सेटटॉप बॉक्समध्ये, म्हणजे बाबांच्या डब्ब्यात, चित्र काढणारी एक चिप असते. तिच्याकडून काम कसं करून घ्यायचं हे ज्या प्रोग्रामला ठाऊक असतं, तो ड्रायव्हर. माझा ओपन सोर्स, म्हणजे कोणीही वाचावा, दुरुस्त करावा, वापरावा. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगते. पण आत्याला हे नीट समजावून सांगणं मला त्या दिवशी जमलं नाही.

नोकरी रामदासपेठेत, तिथलं काम वेगळं. डब्ब्यांचं काम रविवारी, जरीपटक्याला बाबांच्या दुकानात. बाबा टीव्ही मेकॅनिक. नववीनंतर हातात सोल्डरिंगची कांडी आली ती आजपर्यंत. आमच्या भागातल्या केबलवाल्याने धंदा बंद केला तेव्हा लोकांनी आपापले डब्बे दुकानात आणून टाकले. भंगारवाला दोनदा येऊन गेला. बाबांनी दिले नाहीत. "जित्ते हायेत हे," म्हणाले.

मग एक दिवस त्यांनी विहाराच्या अभ्यासिकेत परस्पर शब्द देऊन टाकला. तिथे मुलं परीक्षेचा अभ्यास करतात आणि एकाच कॉम्प्युटरसमोर रांग लावतात. बाबांनी सेक्रेटरींना सांगितलं, "सहा डब्बे, सहा जुने टीव्ही. पोरं त्याच्यावर वाचतीन. माही पोरगी करून देईन, बुद्ध पौर्णिमेच्या आत."

"मला विचारायचं तरी, बाबा."

"तुले विचारलं असतं तं तू एक साल मागतलं असतं."

मागितलं असतंच. डब्ब्याचा कॉम्प्युटर करायचा तर आधी त्याच्या चिपचा ड्रायव्हर हवा, आणि त्या चिपच्या माहितीचा एकही कागद कुठे मिळत नव्हता. बनवणाऱ्या कंपनीने हात वर केले होते. मी डब्ब्यातला मूळ प्रोग्राम चालू करायचे आणि तो चिपच्या कोणत्या खणात कोणता आकडा टाकतो ते वहीत उतरवायचे. वही भरली तेव्हा पडद्यावर चित्र आलं, पण तिरपं. प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा थोडी सरकलेली, अक्षरं वाऱ्याने लोळलेल्या तुरीसारखी. तीन रविवार मी वहीतला एकेक आकडा पुन्हा तपासला. पौर्णिमेला दोन आठवडे उरले होते. सेक्रेटरींनी मांडवात सांगायचं म्हणून बाबांचं नाव लिहूनही घेतलं होतं.

बाबा बाजूला एक रिमोट उघडून बसले होते. वर न पाहता म्हणाले, "लाइन सरकून राहिली, बाई."

"बाबा, हे पिक्चर ट्यूबचं काम नाही. तुमच्या वेळचं नाही हे."

बोलून गेले. बाबांनी कांडी स्टँडवर ठेवली आणि बाहेर गेले. दहा मिनिटांनी दोन चहा घेऊन आले, एक माझ्यापुढे ठेवला.

"एका लाइनीत किती ठिपके टाकतं तू?"

"सातशे वीस."

"अन् लाइन संपली का?"

"संपली की पुढची."

"लगेच? काहून? दम नाही खात ते?" त्यांनी बोट पडद्याच्या उजव्या काठापर्यंत नेलं, मग हवेतून परत डाव्या काठाशी आणलं. "आमच्या टीव्हीत असं वापस यायले टाइम लागे. तेवढा टाइम काहीच दिसत नसे. लाइनीले दम खाऊ दे नं."

मी त्यांना समजावायला तोंड उघडलं की जुन्या टीव्हीत ओळ आखून परत येतो तसा कुठला किरणच या चिपमध्ये नाही. मग वहीकडे पाहिलं. किरण नव्हता, पण ओळीच्या शेवटी रिकामी जागा असू शकत होती. काही चिपांना प्रत्येक ओळ ठरावीक मापाच्या पटीतच लागते. दोनशे छप्पन्नच्या पटीत धरलं तर सातशे अडुसष्ट. मी ओळ संपली की लगेच दुसरी भरत होते, आणि चिप मात्र अठ्ठेचाळीस ठिपके सोडून पुढची ओळ वाचत होती. बाबांचं कारण चुकलं होतं. जागा बरोबर होती.

आकडा बदलला. अक्षरं उभी राहिली.

"पाह्य," बाबा म्हणाले आणि पुन्हा रिमोटकडे वळले.

त्याच संध्याकाळी मी ड्रायव्हर जगभरच्या लोकांना तपासायला पाठवला. खाली लिहिलं, हा दोष मी शोधला. खाली एकटीचंच नाव. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, हे सांगितलंच पाहिजे.

पौर्णिमेला अभ्यासिकेत बाबांनी एकेक डब्बा चालवून पाहिला आणि सहाही टीव्ही लागले. सेक्रेटरींनी माईकवर बाबांचं नाव घेतलं, तसे बाबा उठून म्हणाले, "माहं काही नाही. सारं पोरीनं केलं. मी चहा आणला." लोक हसले. मी खाली पाहिलं.

दुसऱ्या दिवशी परदेशातल्या एका तपासणाऱ्या बाईंचं पत्र आलं. हे अठ्ठेचाळीस कुठून आले, एवढंच विचारलं होतं. मी खरं उत्तर लिहिलं आणि ड्रायव्हर पुन्हा पाठवला. आमच्या कामात खाली एक ओळ असते, कोणी सुचवलं त्याची, आणि एक, कोणी चालवून पाहिलं त्याची. दोन्हींत बाबांचं नाव टाकलं. नावापुढे ईमेल लागतो. बाबांचा नव्हता, तो काढला.

"माह्या नावानं? मी तं नववीवाला."

"तिथे कोणी मार्कशीट मागत नाही."

आता त्यांच्या फोनवर ड्रायव्हर तपासणाऱ्यांच्या यादीतली पत्रं येतात. परवा बाईंचं आलं तेव्हा त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

"का म्हणते हे बाई?"

"ड्रायव्हर मंजूर झाला म्हणते. चांगलं काम झालं."

"कोणाचं?"

"दोघांचं."

त्यांनी फोन खिशात टाकला, मग पुन्हा काढला. "मंग लिही तिले, चालवून पाहणाऱ्यानं सांगतलं म्हणून. सहाव्या डब्ब्यात व्हिडिओ लावला तं तोंड आधी हालते, आवाज मागून येऊन राहिला. हे असं नाही चालत."