सरकणारा बांध

त्र्यंबकच्या डोंगरउतारावरची ती वाडी आठवली, की आजही मी मनातल्या मनात एका बाईला हात जोडतो. १९३०च्या दशकातली गोष्ट. मी त्या भागात फौजदार होतो.

श्रावणातली झड लागली होती. पोलीस पाटलाने वर्दी दिली, की वाडीतली एक विधवा आणि तिचा दीर बांधावरून कोयते घेऊन एकमेकांवर धावून गेले. जमादाराने दोघांनाही ठाण्यात आणले. दिराचे शेत वर, बाईचे खाली.

"सायेब, दर पावसाळ्यात ह्यो बांधाचे दगड माझ्या रानात सरकवतो," ती म्हणाली. "एकटी बाई हाय म्हनून!"

हद्दीची निशाणी हलवणे हा गुन्हा. मी दिराला समोर बसवून बराच वेळ फिरवून फिरवून विचारले. खोटे बोलणारा माणूस सहसा तपशील रंगवून सांगतो. हा नुसता वैतागला होता. शेवटी म्हणाला, "बांध मी सरकवला म्हनता. मंग माझ्या घराची चौकट कुनी वाकडी केली? पावसाळा लागल्यापासून दार लागत नाय. आत बायको बाळंतीण हाय."

प्रश्नाला सोडून आलेले उत्तर आधी तपासावे, अशी माझी सवय. दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघांना घेऊन पंचनाम्याला गेलो.

दगड कोणी उचलून ठेवला, तर माती उकरलेली दिसते. इथे दगड घट्ट रुतलेले होते, भोवतालचे गवत जसेच्या तसे. म्हणजे दगड मातीसकट खाली आले होते. उतारावरची झाडेही खालच्या अंगाला कलली होती. दिराच्या घराच्या मागे चढून गेलो, तर डोंगराला लांबच लांब आडवी भेग. काठी आत घातली, ती टेकली नाही. पावसाचे पाणी त्या भेगेत मुरत होते.

खाली येऊन मी दोघांना सांगितले, "बांध कोणी हलवला नाही. डोंगरच सरकतोय. आजच्या आज वाडी रिकामी करा."

दीर हटून बसला. ओल्या बाळंतिणीला पावसात कुठे न्यायचे? तेव्हा ती फिर्यादी बाई त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"भावजी, पोर माझ्याकडं द्या. तुम्ही तिला पाठीवर घ्या. भांडान मागनं करू."

घोंगडीखाली बाळ छातीशी धरून ती उतार उतरली, आणि तिच्यामागे घरेच्या घरे निघाली. नुसत्या माझ्या हुकमाने लोक निघाले असते, असे मला वाटत नाही. पोलीस पाटलाने सगळ्यांना खालच्या गावातल्या देवळात उतरवले.

दोन दिवसांनी, भर दुपारी, कडा सुटला. घरे, दोन्ही शेते, तो बांध, सारे चिखलाखाली गेले. माणूस एकही गेला नाही. दीर वहिनीच्या पायांवर डोके ठेवून कितीतरी वेळ उठला नाही.

पुढे ती ठाण्यात आली. "फिर्याद काढून घेते, सायेब. भावजींवर उगाच आळ घेतला."

"बाई, तुम्ही गप्प बसला असता, तर मी तिकडे फिरकलोही नसतो," मी म्हणालो.

त्यानंतर भाऊबंदकीची एकही फिर्याद मी जागा पाहिल्याशिवाय निकाली काढली नाही. भांडणारी माणसे कित्येकदा भलत्यालाच दोष देतात, पण त्यांच्या पायाखालचे दुखणे खरे असते.

निघताना ती उंबऱ्यात थबकली. "देवळात पोराचं बारसं हाय. यायचं बरं का."

मी गेलो. पाळण्याची दोरी तिच्याच हातात होती.