चिकपेटेतला तास

इनामदार मास्तरांबरोबर चिकपेटेतल्या कापडबाजारात पंचा घ्यायला गेलं की सकाळ गेलीच म्हणून समजायचं. पहिल्या दुकानात ते भाव विचारायचे, दुसऱ्यात तोच भाव का ते विचारायचे, तिसऱ्यात दोन्ही. सूत कुठलं, गठ्ठा कशातून आला, हमालाला काय दिलं. दुकानदार बिचारा दहा घड्या मोडून बसलेला. एवढं करून घासाघीस नाहीच; सांगितला तो भाव देऊन मास्तर बाहेर.

"मग विचारलंत कशाला?" मी वैतागायचो.

"कळावं म्हणून की, तम्मा. स्वल्प समजून घेऊन दिलं, की दिलेलं दुखत नाही."

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. ते गोकाककडचे, मी निपाणीचा. साठ सालानंतरची ही गोष्ट. मी बेंगळुरात शिक्षण खात्याच्या एका कचेरीत कारकून होतो आणि ते मल्लेश्वरमच्या एका मुलींच्या शाळेत अर्थशास्त्र शिकवत. विषय शाळेत नवा. सरकारी अनुदान मिळालं तर विषय राहणार, आणि विषय राहिला तर मास्तर राहणार, असं शाळेनं त्यांना तोंडावर सांगितलं होतं. अर्ज माझ्या टेबलावरून गेलेला, म्हणून आठवड्यातून दोनदा मास्तरही माझ्या टेबलापाशी.

"उद्या या पोरींना घर चालवायचंय. पैसा म्हणजे काय हे सरकारनं नाही शिकवायचं तर कुणी, दुकानदारानं?"

"अहो, अर्ज वर गेलाय. मला सांगून काय होणार?"

"तू ऐकतोस की."

ऐकत होतो, कारण उठून जायची सोय नव्हती. त्यांचा अख्खा विषय एका प्रश्नात मावायचा. मुलींना, शिपायाला, हॉटेलात 'बाय टू' सांगून अर्धा अर्धा कप कॉफी पिणाऱ्या अनोळखी माणसांनाही ते विचारायचे, "घेतलंत ते दिसतंय. सोडलंत काय ते सांगा."

मी आयुष्यातला पहिला टेरिलिनचा शर्ट शिवला आणि कचेरीत घालून गेलो. नेमके त्या दिवशी मास्तर आले.

"झकास. सोडलंस काय?" मी फाईल उघडली. "दिवाळीला गावी जायचं सोडलं असशील."

सगळी कचेरी हसली. मीही हसलो. आईला येत नाही म्हणून कळवलं होतं, आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मग अनुदानासाठी तपासणी ठरली. इतर शाळा पंधरा दिवस आधीपासून पोरींकडून उत्तरं घोटून घेत. तपासणी आली मंगळवारी, आणि दर मंगळवारी मास्तर पोरींना दुकानांत नेऊन चिकपेटेतच तास घेत. मी अक्षरशः हात जोडले. "एक दिवस वर्गात बसवा हो त्यांना."

"तपासणी शिकवण्याची ना? मग शिकवतो तिथं या की." आणि तपासणीला येणाऱ्या आमच्या साहेबांच्या नावाची चिठ्ठी त्यांनी माझ्या हातात दिली. वर्ग चिकपेटेत कापडाच्या अमक्या दुकानात भरेल, कृपया तिथे यावं, मुलींना वाटेल ते विचारावं.

मंगळवारी साहेब रिकाम्या वर्गाच्या दारात उभे राहिले, मी शेरे लिहायला बरोबर. मुख्याध्यापिका रजेवर होत्या, शिपायाला काही ठाऊक नव्हतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "कुठं गेल्या सगळ्या?"

चिठ्ठी खिशात होती. त्याच शर्टाच्या.

"कल्पना नाही, सर," मी म्हणालो. 'तासाच्या वेळी वर्ग रिकामा आढळला' हा शेरा माझ्याच अक्षरात आहे. त्यात एक शब्द खोटा नाही.

त्या वेळी मला वाटलं होतं, फार तर दुसऱ्यांदा तपासणी होईल, म्हातारा जरा सरळ होईल. दुसरी तपासणी झाली नाही. अनुदान नाकारलं, शाळेनं विषय बंद केला. गोकाकला परत जाण्याआधी मास्तर कचेरीत आले, उभ्याउभ्याच बोलले.

"चिठ्ठी पोचली होती नव्हं साहेबांना?"

तेव्हा तरी खरं सांगता आलं असतं. "वाचली त्यांनी," मी म्हणालो. "म्हणाले, वर्ग वर्गातच भरायला हवा."

"सरी, बरं. त्यांचंही एक म्हणणं असणार." मग पुढे होऊन मास्तरांनी माझ्या शर्टाची बाही दोन बोटांत धरली, दुकानात कापड धरायचे तशी.

"इतक्या धुण्यांनंतरही रंग गेला नाही. मी उगाच बोललो तेव्हा. चांगला घेतलास, तम्मा."

पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. मी त्याची वाट बघत उभा होतो.