साडेदहाची सभा आणि मावशींचं लॉबिंग

दिल्लीत कायदे कसे होतात, मला माहीत नाही. सीवूड्सच्या आमच्या सोसायटीत कसे होतात ते सेक्रेटरी म्हणून रोज बघतो, आणि असे किस्से आता पोटात मावत नाहीत.

आमचे चेअरमन सावंत साहेब तत्त्वाचे. काही घेत नाहीत, फक्त चव बघतात. गच्चीवर पापड वाळत घालायला त्यांनीच बंदी आणली. आठवड्यात राणेकाकूंकडून पोह्याचे पापड त्यांच्या घरी पोचले. पुढच्या मीटिंगला दुरुस्ती आली, "पोह्याचे सोडून."

मग कुणी उडदाचे पाठवले. शेवटी बंदी फक्त नाचणीच्या पापडांवर उरली, कारण सावंतवहिनींना नाचणी आवडत नाही.

लिफ्टमध्ये प्राणी बंद झाले, तेव्हा कुत्रेवाल्या मेहतांनी अख्ख्या कमिटीला फार्महाउसवर जेवायला नेलं. सोमवारपासून कुत्रे चालू, मांजरं बंद. मांजरवाल्या आजींनी विचारलं, "आमचं काय चुकलं?"

सावंत साहेब म्हणाले, "आजी, तुमचं फार्महाउस नाही."

यंदा मोठी पार्टी आली. समोर फ्रोझन मासळीचं दुकान उघडलं. मालकाने सोसायटी ऑफिसला एसी बसवून दिला, आणि लगेच ठराव आला: गेटवर मासळी विकायला मनाई. गेटवर मासळीची टोपली घेऊन बसणाऱ्या एकट्या, शेजारच्या करावे गावच्या हिरामावशी. त्यांचं घर त्याच टोपलीवर चालतं. मला फार वाईट वाटलं.

म्हटलं, "मावशी, साहेबांना भेटा तरी."

"एसी द्यायला माज्याकडं काय हाय? बोंबील हायत."

मी त्यांना सभेचं सांगितलं. वेळ रविवारी साडेदहाची, पण तेव्हा कुत्रंही फिरकत नाही. कोरम नाही म्हणून मी सभा अर्धा तास तहकूब करतो. तहकूब सभेला कोरम लागत नाही; अकराला साहेब आपली माणसं घेऊन येतात आणि ठराव पास.

मावशींनी एवढंच विचारलं, "हॉलात पंखा हाय ना?"

रविवारी त्या गेटवर बसल्याच नाहीत. टोपली थेट हॉलमध्ये, पंख्याखाली. साडेदहाला अर्धी सोसायटी पिशव्या घेऊन आत रांगेत उभी. मी डोकी मोजली. कोरम झाला होता!

साहेब आले नव्हते म्हणून राणेकाकूंना सभेचं अध्यक्ष केलं, मी ठराव वाचला. एका हातात बोंबील असले तरी विरोधात दुसरा हात वर करता येतो. ठराव पडला.

अकराला सावंत साहेब आले. मागे दुकानदार, सभेसाठी फिश फिंगरचे ट्रे घेऊन.

"सुरू करू या?"

"झाली," मी म्हटलं.

मावशींनी ट्रेमधलं एक फिश फिंगर उचललं, सावकाश चावलं आणि दुकानदाराला मायेनं म्हणाल्या, "दादा, यात मासा घालायचा राह्यला. देऊ काय दोन बोंबील?"