हातावरचा आकडा

आमच्या बाबानं पंचवीस वर्षं पॉवरलिफ्टिंग केलं, अन् त्यात त्याईचं एकच हाड मोडलं, तेबी स्पर्धेसाठी खुर्च्या मांडताना. खेळणं सोपं असते, स्पर्धा भरवणं अवघड, असं ते तेव्हापासून सांगतात. मले वाटे, उगाच भाव खाऊन राह्यले. मंग यंदा जिल्ह्याची स्पर्धा आमच्याच गावात, इंझोरीले, विहारासमोरच्या मंडपात भरवली, अन् वजनाचं काम माह्याकडं आलं.

काम एवढंच, की खेळ सुरू व्हायच्या आधी सगळ्याईले काट्यावर उभं करायचं अन् वजनानुसार गट पाडायचे. आपल्या गटात बसायसाठी पोरं दोन-दोन दिवस उपाशी राह्यतात (एक जण तं थुंकी गिळत नव्हता, वजन वाढते म्हणून). मीबी त्यातलीच. मले सत्तावन्न किलोच्या गटात खेळायचं होतं. पहिला नंबर आला की राज्याच्या स्पर्धेत जायले मिळते. पण त्याच गटात शिरपूरची पूनम, अन् तिच्यामागं मी दोन वर्षांपासून दुसरी येऊन राह्यली होती.

आता दारात पाहुणा उपाशी बसलेला आमच्या आत्याले पाहावत नाई. तिनं पहाटेच गोवऱ्याईच्या आरात कणकेचे रोडगे भाजायले टाकले होते. वरण, वांग्याची भाजी, तूप, सगळं तयार. म्हणून मी एक हुशारी केली.

"आत्या, ज्याच्या हातावर मी निळ्या पेनानं आकडा टाकला असन, त्याचं वजन झालं समज. त्यालेच वाढ. बाकी कोणाले पाणीबी नाई."

"अन् पोरगं कळवळलं तं?"

"तरी नाई."

"लय कठीण काळजाची झाली वं तू," आत्या म्हणे. पण कबूल झाली.

काटा अन् उचलायच्या लोखंडी प्लेटा आणणार होते रशीदचाचा. धनजचे वेल्डर, बाबाचे जुने जोडीदार, आमचं सगळं लोखंड त्याईनंच जोडलेलं. सातले येणार होते. साडेसातले फोन आला, "बेटा, कारंजात रिक्षा पंक्चर झाली. आता सगळ्या प्लेटा उतरवा, मंग चाक काढा, मंग प्लेटा चढवा. माही स्पर्धा तं इथीच चालू झाली."

आता रिकामं बसून काय करू? म्हटलं, तोवर नावं तरी लिहून घेऊ. यादी केली, एकेकाले नंबर दिला, अन् नंबर कोणी विसरू नये म्हणून सगळ्याईच्या हातावर लिहून टाकला. (कोणत्या रंगाच्या पेनानं, ते विचारू नका.) अन् एवढं काम वेळेआधी उरकलं म्हणून खुशीत फाट्यावर रिक्षा पाहायले गेली.

रिक्षासोबत वापस आली तं मंडपात पंगत बसलेली. सव्वीसच्या सव्वीस जण. दोन दिवसांची उपाशी माणसं रोडगे कशी खातात, ते एकदा पाह्यलं पायजे. थुंकी न गिळणारा तिसऱ्या रोडग्यावर होता.

"आत्या, हे काय केलं?"

"काय केलं? आकडे पाहूनच वाढलं. एकाचा पुसट होता, त्याले अर्धाच देल्ला."

बाबानं पंगत पाह्यली, मंग मले पाह्यलं, मंग परत पंगत पाह्यली. अन् आत्याले दोन शिव्या हासडून खुर्ची ओढून बसले. मोडलेल्या हाडावर हात ठेवून.

चाचानं काटा मांडला. पह्यलाच पोरगा एकोणसाठच्या गटाचा, भरला साठच्या वर.

"चाचा, बनियन काढू का?"

"बनियन काय, कातडं काढलं तरी होत नाई बाप्पा."

मंग घाम गाळायले पोरं विहाराभोवती धावायले लागली. आत्या त्याईच्या मागं. हातात ताकाची बादली. "लेकरं उन्हात पळून राह्यली, दोन घोट घ्या रे." पोरं थांबत, ताक पीत, अन् परत पळत. दहा मिनिटांनी सगळ्याईचं वजन अजून वाढलेलं!

माह्या यादीत नुसते बाण झाले. हा तिकडं, तो इकडं. एक पोरगं मले दोन गटांत सापडलं अन् एक कोणत्याच नाई. शेवटी चाचानं कागद-पेन हातात घेतला, चष्मा वर केला.

"अरे बेटा, सगळेच एक-एक पायरी वर सरकले. म्हंजे ज्याची ज्याच्याशी कुस्ती होती, तशीच राह्यली. कायले रडून राह्यली?"

खरंच. पूनमबी सत्तावन्नची त्रेसष्टमध्ये गेली, बाकीच्या पोरीबी गेल्या. सत्तावन्नच्या खाली गटच नव्हता, मंग सत्तावन्नमध्ये उरली कोण? मी. एकटी. काट्यावर बरोबर छप्पन-नऊशे. आता नुसतं बैठक, बेंच अन् डेडलिफ्ट, तिन्ही प्रकारांत एक-एकदा वजन उचललं की सोनं माह्यं, राज्यस्पर्धा माही. बाबाकडं पाहून हसलीबी मी.

अन् वजन झालं, म्हंजे आता खायले मोकळी. पळत आत्याकडं गेली. "वाढ लवकर."

"हात दाखव."

दाखवला. कोरा. सगळ्याईच्या हातावर लिहिलं, स्वतःच्या नाई.

"आत्या, अवं मीच लिहिते ना आकडे!"

"मघाशी तुह्यापायी भावाच्या शिव्या खाल्ल्या. आता आकडा नाई तं रोडगा नाई."

पेन चाचाच्या कानावर. चाचाकडं पळाली, तं माइकवर माह्यंच नाव. सगळ्यात हलका गट पह्यले खेळते, अन् त्या गटात मी एकटीच.

खांद्यावर सत्तर किलो घेऊन बैठक मारायची. हे मी रोज करते. पह्यल्यांदा खाली गेली ते वर आलीच नाई, चाचानं उचललं. दुसऱ्यांदा वर आली, पण पाऊल सरकलं, म्हणून धरलं नाई. तिसऱ्यांदा समोर वजन नाई, रोडगे दिसले. तिन्ही वेळा हुकलं की माणूस स्पर्धेतून बाद. पंच बाबाच, म्हणून लाल दिवा त्याईनं सोताच्या हातानं दाबला, अन् माइकवरबी त्याईलेच सांगा लागलं.

"सत्तावन्न किलो, मुली. पहिला क्रमांक... कोणी नाई."

चाचा हळूच म्हणे, "बेटा, हरली कोणाशी?"

तिकडं पूनमनं त्रेसष्टमध्ये आतापर्यंत उचललं नव्हतं तेवढं उचललं. राज्याले तेच चालली. जाताना आत्याच्या पाया पडली.

मी चाचाच्या कानावरचा पेन घेतला, तळहातावर मोठ्ठं शून्य काढलं, अन् आत्यापुढं हात धरला. आत्यानं जवळ घेऊन नीट पाह्यला.

"हं, आता बरोबर हाये," म्हणे. अन् दोन रोडगे वाढले, तुपासहित.