चार मिनिटं दहा सेकंद

चेन्नईतल्या अंबत्तूरच्या माझ्या रूममेटइतका मोजूनमापून जगणारा माणूस ब्रह्मदेवाने दुसरा घडवला नसावा. घडवला असता तर दोघांनी मिळून ब्रह्मदेवाच्याच कामात चुका काढल्या असत्या. हा मूळचा वेंगुर्ल्याचा, नोकरी श्रीपेरुंबुदूरच्या मोटार कारखान्यात, तपासनिसाची. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरला की वंजरम, म्हणजे आपली सुरमई, घेऊनच घरी यायचा. मग व्हर्नियरने तुकड्यांची जाडी मोजायची, मायक्रोवेव्हवर चिकटवलेल्या तक्त्यात वेळ बघायची, काचेच्या भांड्यात खाली बीन्स-गाजर, वर हळद, मीठ, चिंच लावलेले तुकडे, आणि झाकण. "चार मिनिटं दहा सेकंद," असं जाहीर करून तो समोर हात बांधून उभा राहायचा. कधी पाच मिनिटं झालीच, तर तो जेवायचा, पण बोलायचा नाही.

हा सारा खटाटोप वरच्या मजल्यावर वास जाऊ नये म्हणून. वर घरमालकीण आजी एकट्या राहायच्या, तंजावरकडच्या मराठी. दारात रोज कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, तुळशीपाशी दिवा. त्यावरून त्या शुद्ध शाकाहारी असणार, हे आम्हीच ठरवून टाकलं होतं. बिनलग्नाच्या पोरांना चेन्नईत कोणी दारात उभं करत नाही. आजींनी केवळ आम्ही मराठी म्हणून खोली दिली होती. ती गेली तर आम्ही रस्त्यावर. एकदा विचारून टाक, असं मी म्हणायचो. त्यावर तो म्हणायचा, "विचारलं तर नाही म्हणतील. न विचारता कशा म्हणतील?" म्हणून दाराच्या फटीला ओला टॉवेल आणि वर तीन उदबत्त्या. आजींना तो मोठा देवभक्त वाटला. त्या दर शनिवारी त्याच्यासाठी देवळातला प्रसाद आणायच्या, आणि तो घेताना त्याचा चेहरा चोरासारखा व्हायचा.

एके संध्याकाळी दोन मिनिटांवरच वीज गेली. पंखा बंद, मासे अर्धे कच्चे. उकाड्याने जीव कासावीस झाला, तेव्हा खिडकी उघडली. थोड्याच वेळात जिन्यावर मेणबत्ती दिसली. रूममेट भांडं छातीशी धरून उभा राहिला. मी मनातल्या मनात सामान बांधू लागलो. आजींनी झाकण उचलून पाहिलं.

"कच्चा मीन खाऊ नका. वर आणा, माझा गॅस आहे," त्या म्हणाल्या. "आणि तू रोज चिंच कमी घालतोस."

रोज! म्हणजे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. नवरा गेल्यावर एकटीसाठी कोण आणणार, म्हणून त्यांची मासळी सुटली होती. संध्याकाळी त्या जिन्यात बसायच्या, त्या आमच्या वासासाठी. त्या दिवशी त्यांनी दोन तुकडे खाल्ले. दुसऱ्या दिवशी त्याने तक्त्यात आजींसाठी वेगळा रकाना आखला.

पुढे त्याची पुण्याला बदली झाली. व्हर्नियर घेऊन गेला, मायक्रोवेव्ह ठेवून गेला. मी आता फक्त बुधवारी मासे करतो, आणि अजून त्या दिवशी त्याचा फोन येतो, तुकडा किती जाडीचा म्हणून. मी आकडा ठोकून देतो. मला त्याची फार आठवण येते. आजींना ते कळत असावं, कारण हल्ली त्या जेवायला थोड्या लवकरच खाली येतात, आणि चार मिनिटं दहा सेकंद मायक्रोवेव्हसमोर हात बांधून उभ्या राहतात.